पत्र वाचणारी आणि तिच्यामागची भिंत

पाश्चात्त्य चित्रकलेवरचं, २०२१च्या आधी छापलेलं एखादं पुस्तक हाताशी असेल तर त्यात योहानेस व्हर्मीर या डच चित्रकाराचं पान काढा. ‘उघड्या खिडकीपाशी पत्र वाचणारी मुलगी’ हे चित्र बहुधा सापडेल. कडेने दिसणारी एक तरुणी, तिच्या हातात पत्र आणि मागे भलीमोठी कोरी भिंत. आता जर्मनीत ड्रेस्डेनच्या संग्रहालयात आज टांगलेलं तेच चित्र बघा. मुलगी तीच, पत्र तेच, खिडकीही तीच. भिंतीवर मात्र जाड काळ्या चौकटीतलं एक मोठं चित्र आहे आणि त्या चित्रात धनुष्य घेतलेला उघडा क्युपिड, म्हणजे पाश्चात्त्यांचा मदन, उभा आहे.

हा मदन आता कोणी नव्याने काढलेला नाही. तो पहिल्यापासून तिथेच होता. मध्ये कोणीतरी त्याच्यावर भिंतीचा रंग चढवला आणि पुढच्या कित्येक पिढ्यांनी ती भिंत कोरीच पाहिली. त्या कोरेपणाचं कौतुक केलं, त्याचे अर्थ लावले, त्यावर पानंच्या पानं लिहिली. ‘खोलीत एकटीच बाई’ या जातीच्या चित्रांचा अर्थ कसा लावायचा हे समजून घ्यायला याहून चांगला धडा मिळणं कठीण. विद्यार्थ्यांनी उत्तरपत्रिका लिहून दिल्या आणि मग कळलं की प्रश्नपत्रिकेतली एक ओळच छापायची राहिली होती, असा हा प्रकार.

आधी डोळे, मग डोकं

चित्र १६५७ ते १६५९च्या सुमाराचं, आकाराने बेताचं. उंची ८३ सेंटिमीटर, रुंदी ६४.५. त्यात काय काय आहे याची आधी नुसती यादी करू.

डावीकडे आत उघडलेली खिडकी. तिच्या छोट्या छोट्या काचांत मुलीच्या चेहऱ्याचं अंधुक प्रतिबिंब. खिडकीच्या चौकटीवर टाकलेला लाल पडदा. मुलगी खिडकीकडे तोंड करून उभी आहे, अंगात काळ्या पट्ट्यांचं पिवळं जाकीट, केस मागे बांधलेले, कानाजवळ बटा सुटलेल्या. ओठ किंचित विलग. पत्र तिने दोन्ही हातांत घट्ट धरलंय आणि कागदावरच्या घड्या दिसताहेत. कोपऱ्यात एक खुर्ची. पुढच्या टेबलावर चुरगळलेला तुर्की गालिचा, त्यावर कललेलं निळं-पांढरं चिनी भांडं, त्यातून घरंगळू पाहणारी फळं. एका पीचचे दोन भाग झालेत आणि आतली कोय दिसते. सगळ्यांत पुढे, उजव्या अंगाला, वरच्या दांडीवरून थेट खाली सोडलेला हिरवट सोनेरी पडदा.

या यादीत ‘उदास’, ‘आतुर’, ‘वाट पाहणारी’ असा एकही शब्द आलेला नाही, कारण असे शब्द कॅनव्हासवर नसतात. कॅनव्हासवर असतात खाली वळलेल्या पापण्या, आवळलेली बोटं, घड्या पडलेला कागद. आतुरता आपण त्यात घालतो. घालू नये असं मुळीच नाही, नाहीतर चित्र बघायचंच कशाला? पण घालताना ती आपण घालतो आहोत एवढं भान असलेलं बरं.

आपल्याकडचा रसिक इथे हमखास एका ठिकाणी घसरतो. एकटी बाई, खिडकी, पत्र म्हटलं की आपल्या मनात विरहिणी उभी राहते. संस्कृत काव्यशास्त्राने नायिकांचे आठ प्रकार करून ठेवले आहेत आणि राजस्थानी, पहाडी लघुचित्रांचे चित्रकार ते डोळ्यांसमोर ठेवून रंगवत. नवरा परगावी गेलेली ती प्रोषितभर्तृका, शेज सजवून बसलेली ती वासकसज्जा. तिथे चित्रकार आणि बघणारा दोघांकडे एकच कोश होता, त्यामुळे अर्थ अचूक पोहोचायचा. व्हर्मीरच्या डेल्फ्ट गावातल्या या मुलीला आपण प्रोषितभर्तृका म्हटलं, तर शब्द चपखल बसल्यासारखा वाटेल, पण कोश चुकीचा उघडला जाईल. तिच्या गावाचा कोश वेगळा होता. त्याकडे येऊच, पण आधी चित्रावरच्या नावाकडे बघू.

नाव बदललं की नजर बदलते

१७४२ साली हे चित्र पॅरिसमध्ये विकत घेतलं गेलं आणि सॅक्सनीचा अधिपती ऑगस्टस तिसरा याच्या संग्रहात ड्रेस्डेनला आलं, तेव्हा ते रेम्ब्रांटचं समजलं जात होतं. पुढे त्याच्यावर पीटर डी होख या डेल्फ्टच्याच दुसऱ्या चित्रकाराचं नाव लागलं. खुद्द व्हर्मीर तोवर जवळजवळ विस्मरणात गेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मुख्यतः तेओफील तोरे या फ्रेंच समीक्षकाने १८६६मध्ये त्याच्यावर लेख लिहिल्यावर, युरोपला तो पुन्हा सापडला.

चित्रावर रेम्ब्रांटचं नाव असलं की बघणारा काळोख आणि उजेडाचं नाट्य शोधतो, डी होखचं असलं की नीटनेटकं घर आणि दारांतून दिसणारी दारं शोधतो. व्हर्मीरचं नाव लागल्यावर आपण ‘शांतता’ शोधू लागलो. मराठी माणसाला हा अनुभव नवा नाही. हाताच्या आडोशाने समईची ज्योत जपणारी बाई आपण कॅलेंडरांवर आणि जुन्या घरांच्या भिंतींवर असंख्य वेळा पाहिली आहे. कित्येक जण ते चित्र राजा रविवर्म्याचं म्हणून सांगतात. प्रत्यक्षात ते सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम हळदणकरांचं जलरंगातलं काम आहे, समोर उभी होती त्यांची मुलगी गीता, आणि मूळ चित्र मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. रविवर्म्याचं नाव लागलं की त्या बाईत आपण पुराणातली नायिका पाहतो. हळदणकरांचं नाव कळलं की कागदावर नुसत्या पाण्याच्या रंगांतून ज्योतीचा उजेड बोटांआरपार कसा आणला असेल, हे बघायला आपण पुढे वाकतो.

ही खोली खरी होती का?

व्हर्मीरच्या चित्रांतल्या शांततेवर फार लिहिलं गेलंय. त्याच्या घराची हकीकत मात्र निराळी आहे. १६३२मध्ये तो डेल्फ्टमध्ये जन्मला आणि १६७५च्या डिसेंबरात, त्रेचाळिसाव्या वर्षी, तिथेच वारला. बायको कॅथरिना बोल्नेसपासून त्याला पंधरा मुलं झाली, त्यातली चार तान्हेपणीच गेली. आयुष्याचा बराच काळ हे सगळं बिऱ्हाड सासू मारिया थिन्सच्या घरात होतं. तो गेला तेव्हा कर्ज एवढं होतं की पावाचे ६१७ गिल्डर थकले म्हणून बेकरीवाल्याकडे दोन चित्रं द्यावी लागली. त्यातल्या एकात एक व्यक्ती पत्र लिहीत बसलेली होती.

म्हणजे ज्या घरात या निवांत बायका रंगल्या, त्या घरात पोरांचा कालवा आणि देणेकऱ्यांचे तगादे होते. चित्रातली शांतता ही घराची बातमी नव्हे. ती जुळवून, रचून आणलेली आहे. कशी रचली याच्या खुणाही सापडतात. व्हर्मीरच्या अनेक कॅनव्हासांवर एक बारीकसं भोक आढळलं आहे. मागे जाणाऱ्या सगळ्या रेषा जिथे मिळाव्यात तिथे टाचणी खोचायची, तिला खडू लावलेला दोरा बांधायचा आणि ताणून रेघ उठवायची. आपला सुतार लाकडावर सूत मारतो, तीच रीत. बघणाऱ्याची नजर कुठे टेकायला हवी, हे खोली रंगवायच्या आधी ठरलेलं असे.

डावीकडची खिडकी, सिंहाच्या मुंडक्यांची खुर्ची, पिवळं जाकीट, टेबलावरचा गालिचा हे सामान त्याच्या चित्रांत पुन्हा पुन्हा येतं. त्याची जी सदतीसच्या आसपास चित्रं आज मानली जातात, त्यांतली निदान सहा पत्रांची आहेत. नाटक कंपनीच्या पेटीतून तेच शेले आणि तेच मुकुट निघावेत, तसं हे सामान पुनःपुन्हा मांडलेलं आहे. म्हणून ‘ही बाई कोण?’ या प्रश्नाआधी ‘हे इथे का ठेवलंय?’ हा प्रश्न विचारावा, त्याचं उत्तर मिळण्याची शक्यता जास्त.

गालिचा, भांडं आणि पत्राचा मोह

टेबलावर गालिचा का? कारण तो पायदळी घालायला फार महाग होता. पूर्वेकडून आलेला गालिचा डच घरात जमिनीऐवजी टेबलावर पसरत. चिनी भांडं डच ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारातून आलेली चीज, आणि त्या कंपनीच्या सहा शाखांपैकी एक खुद्द डेल्फ्टमध्ये होती. चिनी भांड्यांची नक्कल करता करताच डेल्फ्टच्या कुंभारांनी आपली निळी-पांढरी भांडी जगभर नेली.

याच कंपनीची वखार १६३७पासून आपल्या वेंगुर्ल्याला होती. तिचे पडके अवशेष अजून उभे आहेत. हे चित्र रंगत होतं त्याच सुमारास, १६५९मध्ये, प्रतापगडाखाली अफजलखानाचा वध झाला. कोकण किनाऱ्यावरचे डच शिवाजीराजांच्या हालचाली आपल्या वरिष्ठांना कळवत, त्यांची ती पत्रं शिवकालाच्या अभ्यासकांना आजही उपयोगी पडतात. कंपनीचा सगळा कारभारच पत्रांवर चाले आणि पूर्वेकडून निघालेलं पत्र हॉलंडला पोहोचायला सहा-आठ महिने सहज जात.

इथे मोह होतो. चिनी भांडं आहे, गालिचा आहे, कंपनी गावातलीच आहे, मग मुलीच्या हातातलं पत्र वेंगुर्ल्याहून आलं असेल तर? गोष्ट झकास आहे. पण कॅनव्हासवर तिला कणभरही आधार नाही. चिनी भांडं एवढंच सांगतं की घर खाऊनपिऊन सुखी आहे आणि जगाशी जोडलेलं आहे. पत्र कुठल्या बंदरातून आलं, हे सांगणं त्याच्या अखत्यारीत येत नाही. वस्तूचा अर्थ काढताना तिच्याकडून तिला माहीत असेल तेवढंच वदवून घ्यायचं असतं.

मग त्या काळच्या डच माणसाकडे कुठला कोश होता? त्याच्याकडे प्रतीकांची पुस्तकं होती. एका पानावर छोटं चित्र, खाली सुभाषितासारखी ओळ आणि मग बोधपर पद्य, अशी त्यांची मांडणी. ऑटो व्हॅन व्हेनचं निव्वळ प्रेमावरचं असं पुस्तक १६०८मध्ये निघालं, त्यात पानोपानी क्युपिड. याकोब काट्स या कवीने १६२५मध्ये स्त्रीच्या आयुष्यावर आणि लग्नावर लिहिलेलं जाडजूड पुस्तक तर घरोघरी असे. या वाचकाला भिंतीवर समुद्राचं चित्र दिसलं की प्रेमाची डगमगणारी नाव आठवे. डब्लिनच्या संग्रहालयात हाब्रिएल मेत्सूचं एक चित्र आहे. त्यात मालकीण पत्र वाचते आहे आणि मोलकरीण भिंतीवरच्या चित्रापुढचा हिरवा पडदा सारून आत डोकावते आहे. आतल्या चित्रात खवळलेला समुद्र आणि जहाजं. मालकिणीचा चेहरा शांत आणि समुद्र खवळलेला. पत्राबद्दल जे सांगायचं ते भिंतीने सांगून टाकलं.

असे अर्थ किती ताणायचे यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. एडी डी योंग या डच अभ्यासकाने १९७६मध्ये ॲमस्टरडॅमच्या राईक्सम्युझियममध्ये भरवलेल्या प्रदर्शनाने सांगितलं की ही चित्रं वरून साधी दिसली तरी आत बोध आहे. १९८३मध्ये अमेरिकन अभ्यासक स्वेतलाना आल्पर्स यांनी उलट बाजू मांडली. भिंगं, नकाशे, सूक्ष्मदर्शक यांनी भारलेल्या त्या देशात जग आहे तसं नीट बघणं आणि उतरवणं हेच मोठं काम होतं, प्रत्येक फळाच्या सालीखाली प्रवचन शोधू नका, असं त्यांचं म्हणणं. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे आणि आपल्या चित्रातलं ते चिरलेलं पीच या दोघांच्या बरोबर मधे पडलेलं आहे. ते निषिद्ध फळाची आठवण असेल, किंवा गाभा आणि कोय रंगवण्याचा निव्वळ आनंदही असेल.

भिंत कोरी होती तोवर बरेच जण पहिल्या बाजूला झुकले. चुरगळलेला गालिचा, कललेलं भांडं, उघडं पीच, त्यात एकांतात वाचलेलं पत्र. काहीतरी लपवाछपवीचं प्रेम असावं, असा वास अनेकांना आला.

मळाने दिलेली साक्ष

१९७९मध्ये या चित्राचे क्ष-किरणांनी फोटो घेण्यात आले आणि भिंतीच्या रंगाखाली क्युपिड दिसला. शिशाचा पांढरा रंग क्ष-किरण अडवतो, त्यामुळे झाकलेली आकृती सावलीसारखी उमटते. पण क्ष-किरणांना ‘खाली काय आहे’ एवढंच कळतं. ‘वर कोणी आणि कधी लावलं’ हे त्यांना विचारून उपयोग नसतो. सगळे धरून चालले की व्हर्मीरनेच विचार बदलला आणि मदन पुसून टाकला. त्यावरून त्याची थोरवीही सांगितली गेली. बघा, उघड बोलणारं प्रतीक त्याने गाळलं, रिकाम्या भिंतीला बोलू दिलं.

२०१७मध्ये चित्राच्या स्वच्छतेचं आणि दुरुस्तीचं काम सुरू झालं. जुनं पिवळं पडलेलं वॉर्निश काढताना भिंतीच्या मधल्या भागातला रंग आजूबाजूच्या रंगापेक्षा वेगळा वागतो आहे, असं दिसलं. मग त्या जागेचे अगदी बारीक नमुने घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचा उभा छेद तपासला. चित्राचा असा छेद विहीर खणताना दिसणाऱ्या मातीच्या थरांसारखा असतो, खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा. सगळ्यांत खाली क्युपिडचा रंग. त्यावर वॉर्निश. त्यावर मळ. आणि त्याच्यावर भिंतीचा रंग.

सगळा निकाल त्या मळाच्या थराने दिला. व्हर्मीरने काम चालू असताना मत बदललं असतं, तर ओल्या किंवा नुकत्याच सुकलेल्या रंगावर त्याने दुसरा रंग दिला असता. मधे वॉर्निश आलं नसतं आणि धूळ तर नाहीच नाही. दिवाळीला फोटोच्या चौकटी पुसणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे की धुळीचा राप चढायला वर्षं जावी लागतात. चित्र पुरं झालं, वॉर्निश लावलं, भिंतीवर टांगलं, कित्येक दशकं ते मळत राहिलं आणि मग कोणीतरी मदनाला रंगाआड केलं. तोवर व्हर्मीर जाऊनही बरीच वर्षं लोटली होती.

हे सिद्ध झाल्यावर तज्ज्ञांच्या समितीशी विचारविनिमय करून वरचा रंग काढायचं ठरलं. क्रिस्टोफ श्योल्त्सेल या संवर्धकाने सूक्ष्मदर्शकातून बघत, शस्त्रक्रियेच्या चाकूने तो कणाकणाने खरवडून काढला, तोही खालचं मूळ वॉर्निश शक्यतो जागच्या जागी ठेवून. २०१९मध्ये अर्धवट उघडलेला क्युपिड लोकांना दाखवला आणि सप्टेंबर २०२१मध्ये पूर्ण चित्र प्रदर्शनात आलं.

मदन परत आल्यावर

आता त्या भिंतीवरचा क्युपिड जमिनीवर पडलेले मुखवटे तुडवताना दिसतो. मुखवटा म्हणजे सोंग, खोटेपणा. खरं प्रेम ढोंगाला पायाखाली घेतं, हा अर्थ प्रतीकांच्या पुस्तकांवर पोसलेल्या वाचकाला लगेच लागला असता. म्हणजे जिच्या पत्रात लपवाछपवीचा संशय घेतला गेला, तिच्या डोक्यावर सचोटीचा दाखला टांगलेला होता! निदान ड्रेस्डेनच्या संग्रहालयाने तरी तो तसाच वाचला. मुखवट्यांकडे बोट दाखवून ‘फसवणुकीपासून सावध’ असा इशाराही त्यात वाचता येईल. पण पत्राचा विषय प्रेम आहे, याबद्दल आता फारसं दुमत उरलेलं नाही.

व्हर्मीरच्या हाताशी असा क्युपिड खरोखरच असावा. त्याच्या मृत्यूनंतर १६७६मध्ये घरातल्या सामानाची यादी झाली, तिच्यात एका क्युपिडच्या चित्राची नोंद आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या त्याच्या एका चित्रात वाद्यापाशी उभ्या असलेल्या बाईच्या मागेही असाच क्युपिड आहे, तिथे त्याच्या हातात एक पत्ता उंच धरलेला. न्यूयॉर्कमधल्या झोपलेल्या मुलीच्या चित्रात त्याचा पाय आणि मुखवटा तेवढा दिसतो. म्हणजे पेटीतलं सामानच ते, त्याने वेगवेगळ्या नाटकांत वापरलं.

पुष्कळ रसिकांना जुनी कोरी भिंतच अधिक आवडते. त्यांचं खोटं म्हणता येत नाही, त्या कोरेपणात खरोखर एक विलक्षण एकांत होता. फक्त तो व्हर्मीरचा नव्हता. तो कोणा निनावी हाताने नंतर केलेला आणि पुढच्या पिढ्यांना भावलेला.

रिकामी पारडी, फुगलेलं जाकीट

एवढं नाट्य नसलं, तरी असाच धडा व्हर्मीरची दुसरी दोन चित्रं देतात. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतलं साधारण १६६४चं छोटं चित्र घ्या, जेमतेम ४० सेंटिमीटर उंच. एक बाई हातात बारीक तराजू धरून उभी आहे, टेबलावर मोत्यांच्या माळा, मागच्या भिंतीवर ख्रिस्ताच्या अंतिम न्यायाचं चित्र. १६९६मध्ये ॲमस्टरडॅमला व्हर्मीरच्या एकवीस चित्रांचा लिलाव झाला, तेव्हा हिची नोंद सोनं तोलणारी बाई अशी झाली आणि ती १५५ गिल्डरला गेली. पुढे कोणी सोन्याऐवजी मोती म्हटले. ती संपत्तीत गुंतलेली आणि मागे देवाचा न्याय चाललेला, असा उपदेश त्यातून सरळ निघत होता.

मग पारड्यांतले ठिपके सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले. टेबलावरचे मोती व्हर्मीरने दोन थरांत रंगवलेत, खाली करडी छटा आणि वर पांढरा ठिपका. सोन्याच्या जागी खास पिवळा वापरलाय. पारड्यांतल्या ठिपक्यांत यातलं काहीच नाही, तिथे आहे ती फक्त धातूवर पडलेल्या उजेडाची तिरीप. पारडी रिकामी आहेत. सोनं तोलणारीची ‘तराजू धरलेली’ झाली आणि उपदेशाचा रोखही बदलला. ती आता लोभी राहिली नाही, तोल सांभाळणारी झाली. शिवाय खोलीच्या रेषा जिथे मिळतात ती जागा तराजू धरलेल्या हाताच्या करंगळीजवळच येते.

दुसरं चित्र राईक्सम्युझियमचं, साधारण १६६३चं. निळं जाकीट घातलेली बाई पत्र वाचते आहे, मागे हॉलंडचा मोठा नकाशा. जाकीट पोटापाशी फुगलेलं, म्हणून ती गरोदर आहे असं बघणाऱ्याला वाटतं. खुद्द व्हॅन गॉगने १८८८मध्ये मित्राला लिहिलेल्या पत्रात तिला गरोदर म्हटलंय. पण वेशभूषेचे अभ्यासक सांगतात की अशी आखूड, घंटेसारखी पसरणारी जाकिटं तेव्हा घरात सर्रास वापरत, आणि त्या काळच्या डच चित्रकलेत गरोदर बाई क्वचितच दिसते. आपल्या डोळ्यांना जे पोट वाटतं, ते त्यांच्या डोळ्यांना कापड वाटलं असेल. वॉशिंग्टनच्या बाईबद्दलही हाच वाद आहे.

असे पुरावे हाताशी असले तर तपासता येतात. पण चित्रकार पुरावे देतच नसेल तर? कोपनहेगनचा विल्हेल्म हामरशोई १८९८ ते १९०९ या काळात स्ट्रांडगाडे रस्त्यावरच्या ३० नंबरच्या घरात राहिला आणि तिथल्या करड्या, जवळजवळ रिकाम्या खोल्या त्याने वारंवार रंगवल्या. त्यात बहुतेकदा त्याची बायको ईडा, पुष्कळदा आपल्याकडे पाठ करून. तिच्या भिंतींखाली मदन सापडणार नाही. तिथला कोरेपणा चित्रकाराने स्वतः ठेवलेला आहे आणि त्याचा मान राखायचा म्हणजे तिच्या पाठीवर आपण कथा चिकटवायची नाही. दोन भिंती दिसायला सारख्याच कोऱ्या, पण एक झाकलेली आणि दुसरी मुळातच मोकळी.

एक झाकण निघालं, एक राहिलं

शेवटी पुन्हा ड्रेस्डेनला, त्या उजवीकडच्या पडद्यापाशी. मेत्सूच्या मोलकरणीने दाखवलंच की डच घरांत मौल्यवान चित्रापुढे खरोखरचा पडदा टांगत, धूळ लागू नये म्हणून. व्हर्मीरने तसाच पडदा चित्रात रंगवला, दांडीसकट, कड्यांसकट. क्षणभर वाटतं की हात लावला तर तो सरकेल. कोणीतरी तो आत्ताच बाजूला केला आणि आपल्याला ही मुलगी दिसली. तिला मात्र आपण बघतोय याचा पत्ता नाही.

क्ष-किरणांत दोन गोष्टी दिसल्या होत्या. भिंतीखालचा क्युपिड ही पहिली. दुसरी या पडद्याखाली, उजव्या कोपऱ्यात. तिथे व्हर्मीरने आधी एक मोठा काचेचा पेला काढला होता आणि मग मन बदलून त्याच्यावर पडदा ओढला. हा बदल त्याच्या स्वतःच्या हातचा, म्हणून संवर्धकांनी त्याला हात लावला नाही. एकाच चित्रात दोन गोष्टी झाकलेल्या होत्या. परक्याने घातलेलं झाकण खरवडून काढलं गेलं आणि चित्रकाराने घातलेलं तसंच राहू दिलं.

पत्राचंही तेच. भिंतीवरच्या मदनाने ते कशाबद्दल आहे एवढं सांगितलं. कागदाची लिहिलेली बाजू व्हर्मीरने तिच्याकडे वळवून ठेवली आहे, आणि ती अजून वाचतेच आहे.